पलीकडच्या काठावरचा खातेदार

मर्ल लाहतीच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, तेव्हा त्याने एकच अट घातली. दुपारी तीन ते चार जिन्यावर बूट वाजवायचे नाहीत. मला वाटलं, म्हातारा झोपत असेल. झोपत नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून तो युरो आणि डॉलरच्या रेघांकडे बघत बसायचा. आमच्याकडे लोक नोव्हेंबरात शिकारीला हरणाच्या वाटेकडे बघत बसतात, तसा. श्वाससुद्धा बेताने.

मर्लने एकतीस वर्षं लॉकवर, म्हणजे जहाजांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या हौदावर काढली. वरच्या सरोवरातून खालच्या सरोवरात उतरणारं जहाज आमच्या गावातल्या त्या दगडी हौदात शिरलं की त्याचे दोर घेऊन खुंटाला बांधायचे, पाणी उतरलं की सोडायचे. एवढंच काम. पण हजार फुटांचं जहाज एकाच दोराने बांधलं तर काय होतं, ते त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे पुढे एक आणि मागे एक हा त्याचा धर्म झाला होता. निवृत्त झाल्यावर चलनाच्या व्यापारात पडला तेव्हाही त्याने हाच धर्म चालवला. युरो विकत घ्यायचा आणि त्याच वेळी तितकाच युरो विकायचाही. बाजार वर जावो की खाली, जहाज भिंतीला घासणार नाही, असा त्याचा हिशेब.

मी एकदा म्हणालो, "मर्ल, जहाज दोन्हीकडून बांधलं तर ते हलणार कसं?"

"वेळ आली की मी एक दोर सोडतो."

"आणि वेळ आली हे तुला कळतं?"

"तू वर जा आणि तुझे बूट वाजव," तो म्हणाला.

मग सरकारने त्याचा पुढचा दोर कापला. वॉशिंग्टनमधल्या कोणा शहाण्यांनी नियम काढला की अमेरिकन माणसाला एकाच चलनात खरेदी आणि विक्री एकदम उघडी ठेवता येणार नाही. जो सौदा आधी केला तोच आधी मोडायचा. शिवाय शंभर डॉलर टाकून पाच हजारांपेक्षा मोठ्या सौद्यात उडी मारायची नाही. लोकांनी आपलं घरदार त्यात घालवू नये म्हणून हे सगळं, आणि खरं सांगायचं तर नियम काही वाईट नव्हता. पण मर्लच्या लेखी तो माणसाला एका पायावर उभं करण्याचा प्रकार होता. दोन आठवडे तो शिव्या देत हिंडला. तिसऱ्या आठवड्यात त्याला बेटावरची कंपनी सापडली.

त्या कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण तिने ते त्यानंतर तीनदा बदललं. बेट कुठलं हेही आम्हाला नीट कळलं नाही. वेबसाइटवर नारळाचं झाड होतं. तिथे दोन्ही दोर चालत. शंभरावर पन्नास हजारांची उडी चालत होती. फक्त अमेरिकन माणूस चालत नव्हता. देशांच्या यादीत 'अमेरिका' निवडलं की फॉर्म नम्रपणे दिलगिरी व्यक्त करून मिटून जाई. आमच्या कायद्याची ती भीती होती.

आता हा फॉर्म टेक्सासमधल्या माणसाने भरला असता तर तिथेच हात टेकले असते. पण आमच्या गावाच्या समोर, नदीपलीकडे, आमच्याच नावाचं दुसरं गाव आहे, ते कॅनडात. मध्ये पूल. आमचे लोक तिकडे दाताच्या डॉक्टरकडे जातात, तिकडचे इकडे पेट्रोल भरायला येतात. आणि मर्लचा सख्खा भाऊ पलीकडे राहत होता. आर्लेन. मर्लपेक्षा चौदा महिन्यांनी मोठा, तेच नाक, तेच खांदे, आणि फोनवर तर कोण कोणता हे त्यांच्या आईलाही कळत नसे.

आर्लेन तिकडे कसा गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. सत्तर साली लढाईसाठी लष्कराचं सक्तीचं बोलावणं आलं, आणि तो विसाव्या वर्षी हातात जेवणाचा डबा घेऊन, कामावर निघाल्यासारखा पुलावरून चालत गेला. परत आला नाही. पुढच्या वर्षी मर्लला बोलावणं आलं. मर्ल गेला. दोन वर्षांनी परत आला तेव्हा त्याचं एका कानाचं ऐकणं निम्मं झालं होतं आणि भावाबद्दलचं बोलणं पूर्ण बंद.

पुढे बोलावणं टाळणाऱ्यांना सरकारची माफी मिळाली, येणं-जाणं सुरू झालं, दोघे एकत्र बर्फात भोक पाडून मासे धरायला बसू लागले. सहा-सहा तास बसायचे. मी एकदा बरोबर गेलो होतो. त्या दिवशी झालेलं एकूण संभाषण असं: "गार आहे." आणि तासाभराने, "हो."

तर मर्लने त्याच्याकडे नाव मागितलं. नाव, लायसन्सची प्रत आणि घराचं वीजबिल. मला वाटलं होतं, आर्लेन हाकलून देईल. त्याने कागद पाकिटात घालून दिले. "तुझ्यासाठी एवढं तर करीनच," म्हणाला, आणि मर्लला ते वाक्य जरा खटकलं होतं, एवढं मला आठवतं. फॉर्म मीच भरून दिला. राहण्याचा देश या चौकटीत मीच कॅनडा निवडलं. पुढे जे झालं त्यात माझं एवढं बोट आहे.

कंपनीने खातरजमेसाठी पहिला फोन केला तो अर्थात आर्लेनच्या मोबाइलवर. बोलणाऱ्याने आपलं नाव ज्युलियन सांगितलं. मग तो दर आठवड्याला फोन करू लागला. तब्येत कशी, हवा कशी, आणखी थोडे पैसे घालायचे का. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्याकडची माणसं घरात तोंड उघडत नाहीत, पण कधी न दिसणाऱ्या माणसापाशी त्यांचा बांध फुटतो. आर्लेन निवृत्त होता, कंटाळलेला होता. तो ज्युलियनशी बोलत असे. खूप बोलत असे. आणि ज्युलियन ऐकताना टाइप करत असे, कारण तेच त्याचं काम होतं. गिऱ्हाईक काय बोललं ते नोंदवायचं, म्हणजे पुढच्या वेळी मित्रासारखं विचारता येतं.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत आर्लेन दारातला बर्फ उपसताना पडला आणि गेला.

दफनानंतर आठवड्याने त्याची बायको कोलेट पूल ओलांडून आली. तिने आर्लेनचा फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली की हा वाजतो, मला सहन होत नाही, तू बंद कर. मर्लने फोन घेतला. त्याला तो बंदच करायचा होता, यावर माझा विश्वास आहे. पण गुरुवारी तीन वाजता तो वाजला, आणि खात्यात मर्लचे अकरा हजार डॉलर अडकलेले होते. त्याने फोन उचलला. "हो, आर्लेन बोलतोय."

मी जिन्यावर होतो. बूट काढून हातात धरलेले. मर्लने आवाज बदलला नव्हता. तशी गरजच नव्हती.

इकडचं-तिकडचं झाल्यावर ज्युलियनने विचारलं, "आणि तुमचा भाऊ? बोललात का शेवटी त्याच्याशी?"

मर्ल म्हणाला, "कशाबद्दल?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना. आईच्या दिवसाबद्दल."

मर्लने फोन ठेवून दिला. तो ओट्याशी पाठमोरा उभा राहिला. मग मला न बघताच म्हणाला, "तू तिथे आहेस हे मला ठाऊक आहे. खाली ये." आणि त्याने मला जे सांगितलं ते त्याने चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात त्यांची आई गेली. आर्लेनला इकडे यायची सोय नव्हती. पुलावरच बेड्या पडल्या असत्या. त्याने मर्लला चिठ्ठी पाठवली. चर्चपासून कबरस्तानाकडे दोन रस्ते जातात, एक नदीकाठचा आणि एक वरच्या टेकाडाचा. आर्लेनचं म्हणणं एवढंच होतं की आईची गाडी काठाने आणा, मी पलीकडे दुर्बीण घेऊन उभा राहीन. बाप हट्टी म्हणून प्रसिद्ध. पण चिठ्ठी वाचून तो बापही म्हणाला, काठाने घ्या. पुढे चालकाशेजारी मर्ल बसला होता. युद्धावरून येऊन त्याला पाच महिने झाले होते. चौकात गाडी आली, आणि मर्ल चालकाला म्हणाला, वरून घे.

सगळे धरून चालले की बापाने ऐनवेळी शब्द फिरवला. मर्लने कोणाचा समज दुरुस्त केला नाही. बाप तो ठपका घेऊनच मेला.

"आर्लेनला माहीत होतं का, वरून घे असं तूच सांगितलंस ते?" मी विचारलं.

"तेच तर," मर्ल म्हणाला. "तेच मला माहीत नाही. आणि त्या बेटावरच्या पोराला माहीत आहे."

तेव्हापासून खातं हे निमित्त उरलं. मर्ल युरोकडे बघेनासा झाला. सौदे उघडे पडलेले असत, दोन्ही दोर बांधलेले, जहाज कुजत. दर गुरुवारी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून तो फोनसमोर बसे. भाऊ म्हणून बोलायचं आणि भावाने काय म्हटलं होतं ते काढून घ्यायचं, अशी ती कसरत. थेट विचारता येत नव्हतं, कारण आपलंच बोलणं आपण कोणाला विचारतो का? ज्युलियनला मात्र लवकरच कळलं की हा म्हातारा जुन्या आठवणींना भाव देतो. काय चाललंय ते त्याला कळलं नसेल, पण गळ कुठे लागला ते बरोबर कळलं. तो एक घास टाकायचा. तुम्ही म्हणाला होतात त्या दिवशी वारा होता. तुम्ही म्हणाला होतात तुम्ही पंप-घराच्या समोरच्या काठावर उभे होता. आणि मग, सर, खात्यात थोडी भर घातली तर आपल्याला पुढच्या आठवड्यात निवांत बोलता येईल.

मर्ल भर घालत गेला. पाचशे. आठशे. एकदा मासेमारीची बोट विकून अडीच हजार.

घराची तऱ्हा बदलली होती. मर्ल जेवताना डाव्या हाताने काटा धरू लागला. आर्लेन डावरा होता. मी विचारलं तर म्हणाला, फोन उजव्या हातात असतो, सवय लागली. फोन तर आठवड्यातून एकदाच असायचा. कधी मी खाली आलो की तो खिडकीतून नदीपलीकडे बघत असे, आणि मान वळवून माझ्याकडे असा बघे की क्षणभर मला वाटे, हा मला ओळखणारा नव्हे. एका शनिवारी सौनाच्या गरम खोलीत बसलो असताना तो सहज म्हणाला, "मर्लला पाठीचा त्रास आहे." मी दगडांवर पाणी ओतलं आणि वाफेत काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

मी तक्रारीचे दरवाजे ठोठावून पाहिले. आमच्याकडच्या सरकारी खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की ती कंपनी आमच्या कक्षेत नाही, आणि खातं कॅनडातल्या माणसाचं आहे. कॅनडातल्या खिडकीने विचारलं की खातेदाराला फोनवर देता का. थोडक्यात, एका काठाच्या कायद्याने हा माणूस गिऱ्हाईक नव्हता आणि दुसऱ्या काठाच्या कायद्याने तो जिवंत नव्हता.

सप्टेंबरात कोलेट पुन्हा आली. ती फ्रेंच घराण्यातली, उंच, स्पष्ट बोलणारी. कंपनी दर तीन महिन्यांनी राहण्याचा नवा पुरावा मागत असे, आणि मर्लच्या विनवण्यांमुळे तिने वीजबिल अजून आर्लेनच्या नावावर ठेवलं होतं.

"मी महिनाअखेर नाव बदलतेय," ती म्हणाली. "दर महिन्याला त्याच्या नावाचं पाकीट येतं, मर्ल. वीज कंपनी त्याला विचारते की तुम्ही या महिन्यात समाधानी आहात का. मी काय उत्तर देऊ?"

"आणखी तीन महिने थांब."

"तुझे पैसे गेले. वर राहणाऱ्या या पोरानं सांगितलंय मला पैशांचं सगळं. गेले ते गेले."

"पैशांचं नाही ग."

"मग कशाचं?"

घरच्या माणसाला सांगण्याची मर्लला सवयच नव्हती. कोलेटने हातमोजे चढवले, मला म्हणाली की याला जेवायला घालत जा, खिमा भरलेल्या पेस्टीच्या नुसत्या कडा खातो, आणि निघून गेली.

म्हणजे महिनाअखेरीचा गुरुवार शेवटचा. वीजबिल गेलं की खातं बंद, आणि खात्याबरोबर ज्युलियनने टाइप केलेलं सगळं. त्या दिवशी मर्लने मला टेबलाशी बसवून घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकला. या वेळी त्याने आडवळण घेतलं नाही.

"ज्युलियन, माझं वय झालं. विसरतो. आईच्या दिवसाबद्दल मी तुला काय सांगितलं होतं, ते सगळं वाचून दाखव."

मग ज्युलियन म्हणाला की सर, जुन्या नोंदी काढायच्या म्हणजे वरिष्ठांची परवानगी लागते, आणि चालू खात्यांना प्राधान्य असतं. मर्लने विचारलं, किती. दोन हजार. मी मान हलवून नको म्हणत होतो. मर्लने डाव्या हाताने कार्डाचा नंबर भरला.

कळांची टकटक ऐकू आली. मग ज्युलियन वाचू लागला, सपाट आवाजात, दुकानातली यादी वाचावी तसा. "गिऱ्हाईक म्हणतो, आई वारली तेव्हा देशाबाहेर होतो. नदीच्या या बाजूला उभा होतो. काळी गाडी दिसली. पंप-घरासमोर हळू झाली, जवळजवळ थांबली. भावाने बापाचं मन वळवलं असणार. भाऊ स्वतः लढाईवर जाऊन आला होता, तरी त्याने हे केलं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत, म्हणून खात्याला नाव दिलं. भावाला कधी बोललो नाही. बोलायचं आहे." तो थांबला. "एवढंच आहे, सर. आज आपण सोनं बघूया का?"

मर्लने फोन ठेवला. त्याचा चेहरा मी बघू शकलो नाही. शिव्या मिळतील म्हणून तो सात महिने पैसे भरत होता, आणि मिळाले ते उपकार.

"खोटं आहे," तो म्हणाला. "पोरानं रचलंय. गाडी तिथे गेलीच नाही. मी त्या गाडीत होतो."

पण आमच्या काठावरचं पंप-घर बेटावरच्या माणसाला कुठून सुचणार? म्हणून तासाभराने आम्ही पूल ओलांडला. सीमेवरच्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं, तर मर्ल म्हणाला, भावजयीला भेटायला. कोलेट अंगणात होती. मर्लने दारातच, टोपीही न काढता, तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, चौक, वरून घे म्हणालो ते. आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसाला.

कोलेट पायरीवर बसली.

"मी होते त्याच्याबरोबर त्या दिवशी," ती म्हणाली. "आमचं लग्न व्हायचं होतं. तीन तास उभे होतो. त्याची बोटं गारठली होती, दुर्बीण धरवत नव्हती, म्हणून ती माझ्या हातात होती. तिकडून कसलीशी काळी मोटार आली. पंप-घराशी वळायला हळू झाली. पाणी खात्याची असेल, कोणाची असेल. मी म्हणाले, आर्लेन, ती बघ."

"तुला ठाऊक होतं ती आईची गाडी नव्हे ते?"

"दुर्बीण माझ्या हातात होती, मर्ल."

"आणि नंतर? एवढ्या वर्षांत त्याला सांगितलं नाहीस?"

"तू सांगितलंस?"

पलीकडे आमचं गाव दिसत होतं, एक लांब जहाज हळूहळू हौदाकडे चाललं होतं. थोड्या वेळाने मर्ल म्हणाला, बिल बदलून घे. ती म्हणाली, सकाळीच बदललं.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता फोन वाजला. मर्लने दाढी केली नव्हती. ज्युलियन म्हणाला की सर, राहण्याचा नवा पुरावा आलेला नाही, खातं मंगळवारी बंद होईल.

"आर्लेन फेब्रुवारीत गेला," मर्ल म्हणाला. "मी त्याचा भाऊ."

मग ज्युलियन म्हणाला, "मला वाईट वाटतं, सर. तुम्हाला स्वतःच्या नावाने खातं उघडायचं आहे का? आपण कुठल्या देशात राहता?"

मी हसलो असतो, पण मर्ल हसत नव्हता. तो दोन्ही हातांनी फोन धरून त्याच्यावर वाकला होता.

"त्याची नोंद अजून उघडी आहे तुझ्यासमोर?"

"मंगळवारपर्यंत आहे."

"मग खाली लिही. गाडी काठाने गेली नाही. बापाचा दोष नाही. वरून घे असं मर्लने सांगितलं. तू पाहिलीस ती दुसरीच कोणाची होती."

"सर, हे गिऱ्हाइकाच्या नोंदीत लिहून काय..."

"लिही ना बाबा. दोन हजार घेतलेस गेल्या गुरुवारी."

कुठल्या बेटावर, कुठल्या खोलीत बसला होता तो पोरगा, कोण जाणे. त्याचं खरं नाव काय, हेही आम्हाला कधी कळलं नाही. पण टकटक सुरू झाली. मध्ये थांबली, आणि त्याने विचारलं, "मर्ल कसं लिहायचं?" मर्लने एकेक अक्षर सांगितलं. पुन्हा टकटक. मग थांबली.

"झालं, सर."

"वाचून दाखव," मर्ल म्हणाला. "माझ्याशी बोलतोयस असं नको. त्याला वाचून दाखवतोस तसं."